अठ्ठावीस रात्रींचा पत्ता

मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली
की नव्या गावात हात आधी नकाशाकडे जातो.
साताऱ्याहून मी पांढरा दोरा आणला होता.
एक टोक झिरो माइलच्या दगडावर दाबून धरायचं,
दुसरं फिरवायचं:
महाल एवढा, दीक्षाभूमी एवढी,
जुम्मा तलाव नखाएवढा, रामटेक दोऱ्याबाहेर.
"दोऱ्याला गुडघे नसतात," बकुळा म्हणाली.

बकुळा माझी नणंद.
तिचा भाऊ होता तोवर
आम्ही एकमेकींशी जेमतेम बोलायचो.
आता महाराष्ट्र एक्स्प्रेसमधे
एकाच डब्यातले दशमीचे तुकडे मोजत
आख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस.

अठ्ठावीस दिवस राहायचं होतं, सव्वीस जानेवारी धरून.
किल्ला त्या दिवशी उघडतो
आणि मला एकदा आत जायचं होतं, बस.

पहिली खोली बर्डीवर, तिसरा मजला.
"इथून किल्ला दिसते बाई," मॅनेजर म्हणाला.
दिसत होती पाण्याची टाकी, कडुनिंबाचा शेंडा
आणि खाली चपलांच्या दुकानातली घासाघीस.
"टाकीच्या मांगं आहे नं," तो म्हणाला,
आणि तो खोटं बोलत नव्हता.
पण बकुळा दुसऱ्या मजल्यावरच थांबली होती,
कठड्याला धरून, कुणावर तरी रागावल्यासारखी.

दुसरी धरमपेठेत.
लिफ्ट. गरम पाणी. पलंगावर टॉवेलचा हंस.
ही खोली रात्रीतून उचलून बडोद्यात ठेवली असती
तरी तिला पत्ता लागला नसता.
रोजचे दोन हजार आठशे, गुणिले अठ्ठावीस:
मी मनातल्या मनात केलं.
बकुळानं मोठ्यानं.
हंस तेवढा तिला आवडला. तिनं त्याची मान सरळ केली.

तिसरी गोळीबार चौकाच्या आतल्या गल्लीत,
हेडाऊंकडे, तळमजल्यावर.
कोपऱ्यात लोखंडी कूलर,
थंडीचे दिवस म्हणून त्याच्या पोटात गाद्या कोंबलेल्या.
संडास अंगणापलीकडे, पण कमोडचा;
हेडाऊंनी स्वतःच्याच गुडघ्यांसाठी बसवलेला.
खोलीच्या मधोमध दीड हात फरशी वेगळ्या रंगाची
आणि अर्धा इंच खचलेली. माझ्या डोळ्याला ते लगेच टोचलं.
"माग होता तिथं. खड्ड्यात पाय सोडून बसे बाबा.
मी बुजवला. नीट बुजत नाही पण."

"किती दिवस?"
"अठ्ठावीस."
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"नागपूर तर बाई दोन दिवसांत होऊन जाते.
बाकीचे सव्वीस काय करान?"
मी म्हटलं, तुमचं झालं का पाहून?
ते जरा विचारात पडले.
"आमचं काहून होईल? आम्ही राहून राहिलो इथं."

मग मी माझी यादी काढली.
नळ किती वाजता येतो. किल्ली एक की दोन.
चहा आपण करायचा की... आणि मागून
घोरण्याचा आवाज.
खाटेवर बकुळा. पायात चपला तशाच,
पोटावर पर्स, तोंड किंचित उघडं.
असं झोपलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.
तिच्या भावाची झोपेतली हनुवटी
हुबेहूब तिथं होती.

हेडाऊंनी बटण दाबून दिवा घालवला.
"राहू द्या. भाड्याचं सांजच्याला पाहू,"
एवढ्या हळू, की जणू घरात बाळ आहे.

मी अंगणात आले. नळाच्या धोंड्यावर नकाशा पसरला.
इथून सगळंच थोडं लांब पडत होतं,
दीक्षाभूमी तर दोन बोटं जास्त.
मी दोऱ्याचं टोक दगडावरून उचललं
आणि या गल्लीवर ठेवलं. गल्ली नकाशात नव्हतीच,
अंदाजानं ठेवलं. चौतीस वर्षांत
अंदाजानं काही ठेवलं नव्हतं.
शेजारच्या घरात कुणीतरी तर्रीला फोडणी दिली.
मी खोकले, तरी आतून हालचाल नाही.

दिवेलागणीला ती उठली,
चपला पायात बघून चपापली,
पदर सारखा केला आणि मला विचारलं,
"मग? कुठली ठरली?"